फाळक्यावरची मेजवानी आणि शहराची बदनामी

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात तो आपल्या मुलांच्या ओळखीचा फुटबॉल नव्हे. तिथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचे, फेकायचे आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडायचे, असा तो खेळ. पायाचे काम थोडे, तरी नाव फुटबॉलच. आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड आहे तेच तिकडे या खेळाचे. सप्टेंबरात मोसम सुरू होतो आणि व्यावसायिक संघाला साखळीत घरच्या मैदानावर जेमतेम आठ-नऊ सामने मिळतात. वर्षाला आठ-नऊच दिवस म्हटल्यावर प्रत्येक दिवसाला सणाचे रूप येणार, हे ओघाने आले.

आणि हा सण मैदानात सुरू होत नाही. तो सुरू होतो मैदानाबाहेरच्या वाहनतळावर, सामन्याच्या तीन-चार तास आधी.

आपल्याकडे ट्रकच्या किंवा टेम्पोच्या मागच्या बाजूला जी खाली पडणारी फळी असते तिला फाळका म्हणतात. इंग्रजीत तिचेच नाव टेलगेट. लोक गाडी लावतात, फाळका पाडतात आणि त्यावर दस्तरखान मांडावे तसे जेवण मांडतात. शेजारी कोळशाची शेगडी पेटते. मांस भाजले जाते, मक्याची कणसे भाजली जातात, मोठ्या पातेल्यात राजम्याचा रस्सा रटरटत असतो. पोरे दोन गाड्यांच्या मधल्या जागेत चेंडू फेकतात. मोठी माणसे तिरप्या फळीच्या भोकात दाणे भरलेल्या पिशव्या नेमाने टाकण्याचा खेळ खेळतात. आजोबा घडीच्या खुर्चीवर बसून चाळीस वर्षांपूर्वीच्या सामन्याचे वर्णन करतात. वर्षानुवर्षे त्याच जागेवर गाडी लावणारी घरे असतात. शेजारच्या गाडीतल्या घरात कोणाचे लग्न झाले, कोण वारले, हे त्यांना ठाऊक असते. अनोळखी माणूस घुटमळला तर त्याच्या हातात ताटली दिली जाते. या साऱ्या प्रकाराला टेलगेटिंग म्हणतात.

इथपर्यंतचे वाचून कोणालाही वाटेल की हे तर छानच आहे. आम्हालाही तसेच वाटते. एकत्र बसून खाणे, पाहुण्याला ताट वाढणे, यात नाव ठेवण्यासारखे काय आहे? पण याच फाळक्यावर बर्फात रोवलेल्या बाटल्याही असतात आणि सामना सुरू व्हायला अजून तीन तास असतात.

मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली याची मोजणी प्रसिद्ध केली. बेसबॉलचे १३ आणि फुटबॉलचे तीन सामने संपल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना त्यांनी थांबवले आणि जे राजी झाले अशा ३६२ प्रौढांचा श्वास तपासला. सुमारे ४० टक्क्यांच्या अंगात थोडीफार दारू होती. आठ टक्क्यांच्या आसपास माणसे कायद्याच्या दृष्टीने नशेत होती, म्हणजे गाडी चालवण्यास अपात्र. ज्यांनी आधी वाहनतळावर मेजवानी केली होती, त्यांच्यात अशी नशा सापडण्याची शक्यता इतरांपेक्षा १४ पटींनी जास्त निघाली. तपासणीला राजी झालेल्यांचेच हे आकडे आहेत. झिंगलेला माणूस आपण होऊन तपासणीला उभा राहतो का, याचा विचार वाचकांनीच करावा. आणि दुसरी बाजूही सांगायला हवी: निम्म्याहून अधिक माणसे दारूचा थेंबही न घेतलेली होती. नाव मात्र त्यांचेही त्याच यादीत जाते. आमच्या या लेखाचा विषय खरा तर तोच आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या फिलाडेल्फिया शहराची गोष्ट घेऊ. तिथल्या संघाचे नाव ईगल्स. १५ डिसेंबर १९६८ रोजी मोसमातला शेवटचा सामना होता. संघ त्याआधीच्या १३ पैकी ११ सामने हरलेला. तिकडे असा नियम आहे की सर्वांत तळाच्या संघाला पुढच्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतून पहिली निवड करायला मिळते. पण शेवटी शेवटी दोन सामने जिंकून संघाने तोही हक्क घालवला होता. म्हणजे हरण्यातही नीट हरता आले नाही, असा लोकांचा राग. वर बर्फ पडलेला, बाकांवरचा बर्फ कोणी काढलेला नाही. मधल्या सुटीत नाताळबाबाची मिरवणूक ठेवली होती, पण ठरवलेला माणूस बर्फामुळे येऊच शकला नाही. प्रेक्षकांतला १९ वर्षांचा एक तरुण नाताळबाबाचा लाल पोशाख घालून आला होता. आयोजकांनी त्यालाच मैदानात उतरवले. लोकांनी हुर्यो केली आणि हातात आला तो बर्फ गोळे करून त्याच्यावर फेकला.

त्या तरुणाला इजा झाली नाही. त्याने स्वतः ते हसण्यावारी नेले आणि पुढेही ती हकीकत तो मजेनेच सांगत राहिला. पण दूरचित्रवाणीवरून ती देशभर गेली. आज त्या गोष्टीला अर्धशतकाहून जास्त काळ लोटला. त्या दिवशी मैदानात असलेल्यांपैकी कित्येक जण आता हयात नाहीत. तरी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रेक्षकांचा विषय निघाला की पहिले वाक्य ठरलेले: ‘नाताळबाबाला बर्फाचे गोळे मारणारे ते हेच.’ ज्याचा जन्म १९९५ चा, ज्याने आयुष्यात कोणाला खडा मारला नाही, त्यालाही हे ऐकावे लागते.

हे अन्याय्य नाही का? आहे. पण पुढे काय काय घडले तेही पाहायला हवे, कारण जुनी बदनामी एकटी टिकत नाही. तिला अधूनमधून ताजे खाद्य मिळावे लागते.

डिसेंबर १९८९ मध्ये डॅलसचा संघ फिलाडेल्फियात आला. पुन्हा बर्फ पडलेला, पुन्हा बाकांखाली तसाच राहिलेला. प्रेक्षकांनी खेळाडूंवर, पंचांवर गोळ्यांचा मारा केला. पाहुण्या संघाच्या प्रशिक्षकाला पोलिसांच्या गराड्यात बाहेर न्यावे लागले. या प्रसंगात एक तपशील असा आहे की तो कोणी रचून सांगितला असता तर आम्ही विश्वास ठेवला नसता. एड रेंडेल नावाचे गृहस्थ, काही वर्षांपूर्वीपर्यंत शहराचे सरकारी वकील, त्या दिवशी प्रेक्षकांत होते. त्यांनी शेजारच्या एकाशी २० डॉलरची पैज लावली की तुझा गोळा मैदानापर्यंत पोहोचणार नाही. गोळा पोहोचला. हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. नंतर हेच रेंडेल शहराचे महापौर झाले आणि त्याहीनंतर राज्याचे गव्हर्नर. शिकलेला, कायदा जाणणारा, प्रतिष्ठित माणूस गर्दीत बसला की काय होते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून मिळणार नाही.

ते महापौर असतानाच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, सोमवारी रात्रीच्या एका सामन्यात प्रकरण हाताबाहेर गेले. सामना रात्रीचा, म्हणजे वाहनतळावरची मेजवानी दिवसभर चाललेली. स्टँडमध्ये मारामाऱ्यांवर मारामाऱ्या झाल्या आणि एका इसमाने संकटात इशारा देण्यासाठी वापरतात ते आगीचे पिस्तूल मैदानाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला झाडले. नशिबाने पलीकडच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. यानंतर काही दिवसांतच शहराने स्टेडियमच्या तळघरात चक्क न्यायालय भरवले. शेमस मॅकॅफरी नावाचे न्यायाधीश सामन्याच्या दिवशी तिथे बसत. वर सामना चालू, खाली पकडून आणलेला माणूस उभा, तिथल्या तिथे दंड. शेजारी कोठडी. २००३ मध्ये संघ नव्या मैदानावर गेला, तेव्हा हे न्यायालय बंद झाले.

उपाय म्हणून तो चालला असेलही. पण अब्रूच्या हिशेबात पाहिले तर? ‘ज्यांच्या मैदानात तुरुंग बांधावा लागला ते लोक’ ही नवी ओळख चिकटली. बदनामी थांबवण्यासाठी केलेली गोष्टच बदनामीचा पुरावा झाली. शाळेत शिकवणाऱ्यांना हे नवीन नाही. एका तुकडीसाठी वेगळा पर्यवेक्षक नेमला की मुले सुधारतात की नाही हा पुढचा प्रश्न, पण ‘ती तुकडी’ म्हणून सगळ्या शाळेत तिचे नाव त्याच दिवशी होते. साठ मुलांच्या वर्गात गोंधळ घालणारी चार असतात. उरलेली छप्पन्न त्याच तुकडीची म्हणून पुढच्या इयत्तेत जातात.

जानेवारी २०१८ मध्ये ईगल्सने मिनेसोटाच्या संघाला घरच्या मैदानावर ३८-७ असे हरवले. विजय मोठा होता. पण मिनेसोटाहून मुलाबाळांसह आलेल्या पाहुण्यांनी घरी जाऊन जे सांगितले ते वेगळेच होते: वाहनतळावरून चालताना शिवीगाळ झाली, अंगावर बिअरचे डबे आले. पाहुण्या संघाच्या रंगाचा सदरा घालणे एवढाच त्यांचा गुन्हा. पोलिसांनी त्या रात्री चौकातल्या दिव्यांच्या खांबांना चरबी फासून ठेवली होती, लोकांनी चढू नये म्हणून. लोक तरीही चढले. पंधरवड्याने संघाने अजिंक्यपदाचा अंतिम सामना जिंकला तेव्हा चरबीऐवजी यंत्राचे तेल लावले, तरीही चढले. देशभर लोक त्या चित्रफिती पाहून हसले. या हसण्याची किंमत सात वर्षांनी कळली. जानेवारी २०२५ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला, त्या रात्रीच्या जल्लोषात खांबावर चढलेला अठरा वर्षांचा एक विद्यार्थी खाली पडला आणि मरण पावला. पहिल्याच वर्षाला होता. घरापासून दूर शिकायला आलेला.

त्याच जानेवारीत आणखी एक घटना घडली. ग्रीन बे नावाच्या गावचा संघ पाहुणा आला होता. त्याची चाहती असलेली एक तरुणी आपल्या होणाऱ्या नवऱ्याबरोबर सामना पाहायला बसली होती. यजमान शहराच्या एका माणसाने तिला अशा शिव्या दिल्या की त्या इथे छापता येणार नाहीत. तिच्या जोडीदाराने ते मोबाइलवर टिपले आणि लोकांसमोर ठेवले. लाखो लोकांनी पाहिले. काही दिवसांतच त्या माणसाची नोकरी गेली आणि ईगल्सने त्याला मैदानात यायची बंदी केली. ज्या कंपनीत तो होता तिचे कामच मुळी इतर संस्थांना ‘सर्वांना सन्मानाने कसे वागवावे’ याचा सल्ला देण्याचे होते.

आता कोणी म्हणेल, ज्याने केले त्याला मिळाले, विषय संपला. तसा तो संपला नाही. लोकांनी त्या माणसाचे नाव दोन आठवड्यांत विसरून टाकले असेल. ‘फिलाडेल्फियाचे लोक असेच’ हे मात्र पुन्हा एकदा पक्के झाले. गर्दीच्या अब्रूचा हिशेब असाच चालतो. चांगले वागणे ज्याच्या त्याच्या खात्यावर जमा होते आणि वाईट वागणे सगळ्यांच्या. एकाच्या कृत्यावरून हजारोंना जोखले जाते तेव्हा मनाला काय वाटते, हे या मासिकाच्या वाचकांना उलगडून सांगण्याची गरज नाही.

मग या हजारोंनी काय करावे? गप्प बसावे, की ‘आम्ही तसे नाही’ म्हणत फिरावे? न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला बफेलो नावाचे शहर आहे. तिथल्या बिल्स संघाच्या चाहत्यांकडे पाहिले तर थोडा उजेड पडतो.

बिल्सचे चाहते काही संत नव्हेत. उलट वाहनतळावरच्या धिंगाण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नाही. गाडीच्या टपावर चढून खाली मांडलेल्या घडीच्या टेबलावर अंग झोकून द्यायचे आणि टेबलाचे दोन तुकडे करायचे, हा तिथला नित्याचा तमाशा. कधी टेबलाला आग लावून. संघाची कथाही करुण: १९९१ ते १९९४ अशी लागोपाठ चार वर्षे अंतिम सामन्यात पोहोचून चारही वेळा हरलेला, आणि पुढे १७ वर्षे बाद फेरीचे तोंडही न पाहिलेला. ३१ डिसेंबर २०१७ रोजी सिनसिनाटी संघाच्या अँडी डाल्टन या खेळाडूने अखेरच्या मिनिटात फेकलेल्या चेंडूने बाल्टिमोरचा संघ हरला आणि त्या निकालामुळे बफेलोचा दुष्काळ संपला. डाल्टन बफेलोचा कोणीच लागत नव्हता. पण तिथल्या चाहत्यांनी शोधून काढले की तो आणि त्याची पत्नी आजारी मुलांसाठी एक संस्था चालवतात. त्या संस्थेकडे १७ वर्षांच्या आठवणीने १७-१७ डॉलरच्या देणग्या सुरू झाल्या. कोणी आवाहन पत्रक काढले नव्हते. रक्कम अडीच लाख डॉलरच्या वर गेली.

नोव्हेंबर २०२० मध्ये बिल्सचा मुख्य खेळाडू जॉश अॅलन याची आजी वारली, तेव्हा पुन्हा तेच. त्याच्या सदऱ्याचा क्रमांकही १७. शहरातल्या मुलांच्या इस्पितळाला १७ डॉलर पाठवायचे ठरले आणि बघता बघता दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला. इस्पितळाने एका विभागाला त्या आजीचे नाव दिले. जानेवारी २०२१ मध्ये बफेलोकडून हरलेल्या संघाचा खेळाडू लामार जॅक्सन डोक्याला मार लागून बाहेर गेला, तर तो ज्या संस्थेला मदत करतो तिच्याकडेही पैशांचा ओघ लागला. तो विरोधी संघाचा होता, हे ध्यानात घ्यावे.

फिलाडेल्फियात उदार माणसे नाहीत असे मुळीच नाही. मिनेसोटाच्या पाहुण्यांना त्रास झाल्याचे कळल्यावर तिथल्याच काही चाहत्यांनी शरमेने वर्गणी काढली आणि मिनेसोटाच्या प्रशिक्षकाच्या धर्मादाय संस्थेला पाठवली. आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पण ती किती जणांना माहीत आहे? फरक कशात आहे, यावर आम्ही बराच विचार केला. आमच्या मते तो एवढाच: फिलाडेल्फियात माणूस चांगले वागतो ते स्वतःच्या नावाने आणि धिंगाणा घालतो तो संघाचा सदरा घालून. बफेलोने दान द्यायलाही तोच सदरा घातला. ज्या नावाने टेबले मोडली त्याच नावाने इस्पितळाला पैसे गेले. म्हणून आज बफेलोचे नाव निघाले की लोक दोन्ही सांगतात.

अर्थात दान दिले म्हणून जळत्या टेबलावर उडी मारणे शहाणपणाचे ठरत नाही. आग आगच असते. आणि ज्या मुलाची मान मोडेल त्याच्या आईला १७ डॉलरच्या हिशेबाशी काय देणे-घेणे?

व्यवस्थेच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. २००८ साली तिथल्या राष्ट्रीय लीगने सर्व मैदानांसाठी प्रेक्षकांची आचारसंहिता काढली. त्रास देणाऱ्याची तक्रार आता भांडण न करता, बसल्या जागेवरून मोबाइलवर संदेश पाठवून करता येते. काही संघांनी हाकललेल्या प्रेक्षकाला पुन्हा दार उघडण्याआधी वर्तनाचा ऑनलाइन वर्ग आणि माफीचे पत्र सक्तीचे केले. चाळिशीतला बाप्या संगणकासमोर बसून ‘राग आल्यास काय करावे’ या प्रश्नाचे उत्तर लिहितो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून आम्हाला हसू आले, हे खरे. पण यातली संदेशाची सोय आम्हाला सर्वांत कामाची वाटते. कारण तीत शेजारी बसलेल्याला काहीतरी करता येते. खांबाला तेल लावणारा पोलीस गर्दीच्या बाहेरचा असतो, न्यायाधीश तळघरात असतो. बाटली उचललेला हात मनगटाशी धरू शकतो तो शेजारचाच माणूस. त्याच्याच फाळक्यावर बसून त्याने तीन तास खाल्लेले असते. हा शेजारी जोवर पैज लावतो किंवा मोबाइल काढून हसतो, तोवर तेल फासून काय होणार?

आपल्या घरांतली मुलेही आता शिकायला आणि नोकरीला त्या भागात जातात. फिलाडेल्फियाच्या विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी भरपूर आहेत, पलीकडच्या न्यू जर्सीत तर एडिसनसारखी गावे आपल्या लोकांनी गजबजलेली. वर्गमित्र रविवारी म्हणणारच, चल वाहनतळावर. जावे. घरचे कबाब करून न्यावेत, ताटली शेजारच्या गाडीकडे सरकवावी. तिकडे ती आनंदाने घेतली जाते. दुसऱ्या रंगाचा सदरा घातलेला कोणी पाहुणा वाट चुकला असेल तर त्याला आधी द्यावी. आणि अंधार पडल्यावर जमाव चौकाकडे निघाला की आपण घरची वाट धरावी.

फ्लोरिडा आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांचा सामना गेली कित्येक वर्षे जॅक्सनव्हिल शहरात होत आला आहे. १९५० च्या दशकात एका स्थानिक पत्रकाराने तिथे एक झिंगलेला प्रेक्षक चक्क पोलिसालाच पेला देऊ करताना पाहिला आणि त्या सामन्याला ‘जगातली सर्वांत मोठी उघड्यावरची दारू मेजवानी’ असे नाव ठेवले. गंमत म्हणून ठेवलेले नाव लोकांना आवडले, दोन्ही बाजू ते मिरवू लागल्या. पुढे २००४ आणि २००५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या सामन्याच्या वेळी एकेका विद्यार्थ्याचा जीव गेला. तेव्हा २००६ मध्ये त्यांच्या क्रीडा संघटनेने दूरचित्रवाणीवाल्यांना विनंती केली की हे नाव घेऊ नका. वाहिन्यांनी आणि विद्यापीठांनी ते सोडले. जॅक्सनव्हिलच्या रस्त्यावर लोक अजून तेच नाव घेतात.